उत्तरकृतीचे प्रथमदर्शन : ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेतील सातव्या खेळाविषयी

दीर्घकाळ चालत आलेल्या मालिकेतील नवी कृती हाती येते तेव्हा जुना रसिक ती कोऱ्या मनाने पाहत नाही. तिच्या मागे उभ्या असलेल्या सर्व पूर्वकृती त्याच्या मनात जाग्या असतात, आणि नव्या कृतीचे पहिले दर्शन म्हणजे बव्हंशी त्या पूर्वस्मृतीशी मांडलेला वाद असतो. कादंबरीच्या उत्तरभागाविषयी हे सर्वमान्य आहे; एखाद्या घराण्याच्या गायकाने परिचित राग निराळ्या अंगाने मांडला असता बैठकीत उठणारी कुजबुजही ह्याच जातीची. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या डावपेचांच्या खेळाला तर हा नियम अधिकच तीव्रतेने लागू पडतो. वाचकाची स्मृती मनात असते, खेळाडूची स्मृती हातातही असते. शेकडो तास एका विशिष्ट रीतीने राज्य चालविलेल्या माणसाचा हात नव्या खेळातही जुन्या जागीच जातो, आणि तेथे काही नसेल तर पायरी चुकल्यासारखा तो दचकतो.

‘सिव्हिलायझेशन’ ह्या मालिकेतील सातवा खेळ ११ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रथमदर्शनाने जुन्या खेळाडूंत जो दचका उत्पन्न केला तो ह्या मालिकेच्या इतिहासातही असामान्य म्हणावा लागेल. तो केवळ सवयीचा होता, की त्याच्या मुळाशी काही वाङ्मयीन आणि ऐतिहासिक स्वरूपाचा प्रश्न आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे. खेळाला असा मान द्यावा काय, ही शंका येथे उभी करण्याचे कारण नाही. परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट हाही खेळच होता, आणि त्याच्या घरांतून व सोंगटीच्या चढउतारांतून एक संपूर्ण जीवनदृष्टी मांडलेली होती. पटावरचे नियम हे नेहमीच कोणत्या तरी विश्वासाचे नियम असतात.

पहिला ‘सिव्हिलायझेशन’ सिड मायर व ब्रूस शेली ह्यांनी १९९१ मध्ये सिद्ध केला. त्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते: इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमारास एका लोकसमूहाचे नेतृत्व हाती घ्यावे, पहिले नगर वसवावे, आणि फेरीमागून फेरी खेळत त्या समूहाला अवकाशयानाच्या युगापर्यंत न्यावे. नकाशा आरंभी काळोखात बुडालेला असतो. पथके पुढे सरकतील तसतसा तो उजळत जातो. कुंभारकामापासून अणुविद्येपर्यंत ज्ञानाच्या शाखा एकीतून एक फुटत जातात. शेजारी राष्ट्रे कधी व्यापार करतात, कधी चालून येतात. ह्या खेळाचे व्यसन किती दुर्धर ह्याची साक्ष त्याच्या भक्तांतील एका बोलीत मिळते: ‘आणखी एकच फेरी’ असे म्हणता म्हणता उजाडते. १९९६, २००१, २००५, २०१० आणि २०१६ ह्या वर्षी एकेक नवा खेळ आला. चौथ्या खेळाचे शीर्षगीत ‘बाबा येतू’ हे स्वाहिली भाषेतील प्रार्थनागीत. त्याच्या रचनेबद्दल क्रिस्तोफर तिन ह्यांना २०११ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि संगणकीय खेळासाठी रचलेल्या संगीताला असा मान लाभण्याचा तो पहिला प्रसंग होता. सातव्या खेळाचे शीर्षसंगीतही त्यांचेच आहे. ते कानी पडताच जुन्या खेळाडूला घरी आल्यासारखे वाटते, हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण पुढे त्याला जे परकेपण जाणवते त्याची धार ह्या स्वागतामुळेच वाढते.

उत्तरकृती कशी घडवावी ह्याविषयी मायर ह्यांचे एक सूत्र प्रसिद्ध आहे: एक तृतीयांश जुने ठेवावे, एक तृतीयांश सुधारावे, एक तृतीयांश नवे आणावे. सूत्र सोयीचे आहे. पण कोणता तृतीयांश हे ते सांगत नाही. पाचव्या खेळाने चौकटींचा नकाशा टाकून षट्कोणांचा घेतला, आणि एका घरात सैन्याचा ढीग रचण्याची जुनी मुभा काढून एका घरी एकच लढाऊ पथक ठेवले. चौथ्या खेळाच्या निष्ठावंतांना हा धर्मबाह्य आचार वाटला. सहाव्या खेळाने नगराची पेठ, देऊळ, विद्यापीठ नगराच्या घराबाहेर नकाशावर पसरविली आणि चित्रे भडक, बाळबोध वळणाची केली. त्यावरही गहजब झाला. काही वर्षांत दोन्ही खेळ सर्वप्रिय झाले, आणि ज्यांनी सहाव्याला नाके मुरडली तेच सातव्याच्या वेळी सहाव्याचे गोडवे गाऊ लागले. ह्यावरून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की, भक्ताचे पहिले मत म्हणजे नव्यावरचा ठरीव राग, चार वर्षांत विरघळणारा. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. भक्ताचा निवाडा पुष्कळदा चुकतो. पण दुखते कोठे हे सांगण्यात तो सहसा चुकत नाही. वैद्याने रोग्याचे निदान मानू नये, कळ मात्र मानावी, तसे समीक्षकाने ह्या मतांशी वागावे.

सातव्या खेळातील पहिले दोनतीन तास बहुतेक जुन्या खेळाडूंना आनंदाचे गेले असावेत असे मानण्यास जागा आहे. नद्या प्रथमच नौकानयनास योग्य झाल्या आहेत. मोठ्या नदीच्या पात्रातून गलबत थेट देशाच्या पोटात शिरते, आणि नदीकाठच्या नगराचे भय व भाग्य दोन्ही वाढते. जमीन कसणारे, रस्ते बांधणारे कामकरी पथक नाहीसे झाले आहे. पहिल्या खेळात वसाहतकारच ही कामे करीत. नंतर त्यांसाठी निराळे पथक आले, आणि उत्तर काळात डझनावारी कामकऱ्यांना घरोघर हलविण्यात खेळाडूचा अर्धा जीव जाई. आता लोकसंख्या वाढली की नवे घर आपोआप लागवडीखाली येते. सैन्याच्या बाबतीतही असाच विचार दिसतो. सेनानायकाचे पथक इतर पथकांना आपल्यात सामावून घेऊन चालते, रणभूमीवर त्यांना उतरवते, आणि लढाईचा अनुभव शिपायांच्या नव्हे, त्या नायकाच्या खाती जमा होतो. चौथ्या खेळातील ढीग आणि पाचव्यातील विरळपणा ह्यांमधला हा मार्ग मोठ्या कौशल्याने काढलेला आहे.

वसाहतींचे दोन प्रकार केले आहेत. नवी वस्ती प्रथम कसबा असते. कसब्याचे उत्पादन नाण्यांत रूपांतरित होते आणि त्याचे धान्य मोठ्या नगरांना पोचविता येते. पुरेसे द्रव्य खर्चिले तर कसब्याचे नगर होते. कोणत्या कसब्याला कसबाच ठेवावे हा निर्णय त्यामुळे अर्थपूर्ण झाला आहे. राजनीतीसाठी ‘वजन’ नावाचे एक स्वतंत्र चलन आले आहे. ते साठवावे, खर्चावे, आणि शेजाऱ्याशी करार करताना किंवा त्याची कागाळी करताना पणाला लावावे. पूर्वीच्या खेळांत नकाशावरच्या बिनराज्याच्या टोळ्यांना सरसकट ‘रानटी’ ठरवून त्यांना मारणे एवढाच व्यवहार उरे. आता त्या स्वतंत्र जमाती आहेत. त्यांपैकी काही वैर करतात, पण वजन खर्चून त्यांना मित्र करता येते. एक शब्द गेला आणि त्याबरोबर एक दृष्टी गेली. हा बदल जुन्या खेळाडूंच्या चर्चेत फारसा गाजला नाही, तो गाजावयास हवा होता.

दचका बसतो तो युग संपताना. सातव्या खेळाने काळाचे तीन भाग केले आहेत: प्राचीन युग, शोधयुग आणि आधुनिक युग. पहिल्या दोन युगांच्या अखेरीस अरिष्ट येते, कधी रोगराई, कधी टोळ्यांचे आक्रमण, कधी प्रजेचा असंतोष; त्या काळात खेळाडूला स्वतःला अपायकारक अशी धोरणे स्वीकारावी लागतात. मग पडदा पडतो. चाललेली युद्धे थांबतात. राजधानी वगळता नगरे सामान्यतः पुन्हा कसबे होतात. सैन्याची संख्या नियमाने ठरलेली उरते. जुन्या इमारती उभ्या राहतात, पण त्यांचा प्रभाव उतरतो. आणि खेळाडूला एक नवी संस्कृती निवडावी लागते. नेता मात्र तोच राहतो. ह्या नेत्याचा त्या संस्कृतीशी ऐतिहासिक संबंध असलाच पाहिजे असेही नाही. बेंजामिन फ्रँकलिन, कन्फ्यूशियस, इब्न बतूता, मॅकियाव्हेली असे कधीही सिंहासनावर न बसलेले पुरुष येथे नेते आहेत, आणि ते कोणाचेही नेतृत्व करू शकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये खेळाची प्रत्यक्ष चाल प्रथम दाखविली गेली तेव्हा इजिप्तचे पुढे काय होऊ शकते ह्याचे उदाहरण दाखविण्यात आले होते: त्याचे सोंघाई होऊ शकते, आणि पुरेसे घोडे हाती असले तर मंगोलही. ‘इजिप्तचे मंगोल’ हा त्या दिवसापासून भक्तांच्या थट्टेचा विषय झाला. संस्कृती बदलण्याची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. २०२१ च्या ‘ह्यूमनकाइंड’ ह्या प्रतिस्पर्धी खेळात ती होती. परंतु शेजारच्या घरातील चाल आपल्या घरात आली की ती निराळी दिसते.

ह्या बदलामागील कारणे कर्त्यांनी दडविलेली नाहीत. फार मोठ्या संख्येने खेळाडू आपला डाव कधीच पुरा करीत नाहीत; मध्यापर्यंत जो पुढे गेला तो पुढेच जातो, आणि उरलेला खेळ हिशेब फेडण्यासारखा निरस होतो. युगांतर हे त्यावरचे औषध. त्याखेरीज एक तात्त्विक समर्थनही होते: इतिहास थराथरांनी रचला जातो. लंडनचे उदाहरण ह्या संदर्भात दिले गेले. रोमन वस्तीवर नॉर्मन, त्यावर आजचे. मराठी वाचकाला लंडनपर्यंत जाण्याची गरज नाही. सातवाहनांचे प्रतिष्ठान आणि एकनाथांचे पैठण ही एकच भूमी आहे, आणि त्या दोहोंमध्ये किती राजवटी येऊन गेल्या ते शालेय विद्यार्थीही जाणतो. थराची कल्पना खरी आहे. प्रश्न असा की, थर कोणत्या वस्तूचे चढतात आणि खाली टिकून काय राहते.

जुन्या सहा खेळांचे उत्तर सरळ होते: राष्ट्र टिकते. रोमन हे इसवी सनापूर्वी ४००० पासून अवकाशयानापर्यंत रोमनच. हिंदुस्थानचे नेते गांधी पहिल्या खेळापासून सहाव्यापर्यंत होते, आणि अश्मयुगात कुंभारकाम शिकवीत असलेले गांधी हे दृश्य कितीही विनोदी असले तरी त्यामागे एक गंभीर मिथक उभे होते: प्रत्येक राष्ट्र अनादी आहे, त्याचा आत्मा बदलत नाही, बदलतात ती केवळ त्याची साधने. (गांधी अण्वस्त्रे फेकीत सुटतात ही पहिल्या खेळातील चुकीची कथा भक्तांत रूढ आहे, अशी चूक त्या खेळात नव्हतीच असे मायर ह्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सांगितले आहे. मिथकाला पुरावा लागत नाही ह्याचा हा चांगला नमुना.) एकोणिसाव्या शतकात युरोपात घडलेल्या राष्ट्रकल्पनेचे हे पटावरचे रूप होय. सातव्या खेळात गांधी नाहीत, आणि ते मिथकही नाही. जुना खेळाडू जेव्हा ‘माझे लोक माझ्यापासून हिरावले’ असे म्हणतो तेव्हा तो ह्या मिथकासाठी शोक करीत असतो. तो शोक खोटा नाही. सहा हजार वर्षे एका नावाने जगणे हे इतिहासात अशक्य असले तरी कल्पनेत ते सुखाचे होते, आणि खेळ त्या सुखासाठीच होता.

तेव्हा नवा खेळ इतिहासाला अधिक जवळचा आहे, एवढे म्हणून भक्ताची तक्रार फेटाळता येईल काय? हिंदुस्थानच्या वाटेने गेले असता ह्याचे उत्तर मिळते. नेता अशोक निवडला तर प्राचीन युगात मौर्य, शोधयुगात चोळ, आधुनिक युगात मोगल ही क्रमवारी खेळ सुचवितो. सांचीचा स्तूप, बृहदीश्वराचे मंदिर आणि लाल किल्ला ही त्या त्या संस्कृतीशी जोडलेली आश्चर्ये आहेत. आधुनिक युगाचा आरंभ येथे ढोबळमानाने अठराव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे आगगाडी, कारखाना आणि विमान ह्यांचे युग. मेजी जपान, प्रशिया, अमेरिका ह्यांच्या पंक्तीला मोगल बसलेले पाहून मराठी खेळाडूच्या कपाळाला आठी पडते. औरंगजेब १७०७ मध्ये वारला. त्यानंतरच्या शतकात हिंदुस्थानच्या राजकारणाचे सूत्र कोणाच्या हाती होते हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. मराठ्यांना ह्या खेळात स्वतंत्र स्थान नाही. ‘एम्पायर : टोटल वॉर’ ह्या २००९ च्या खेळात मराठा राज्य खेळाडूला घेता येत होते, ही आठवणही त्याला होते.

पण येथे थोडे थांबले पाहिजे, कारण ही आठी जितकी न्याय्य वाटते तितकी ती सरळ नाही. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून ज्या सनदा घेऊन आले त्या मोगल बादशहाच्या होत्या. दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई आणि सरदेशमुखीचा हक्क त्यांतून मिळाला. महादजी शिंद्यांनी शाह आलमला १७७२ च्या आरंभी दिल्लीस नेऊन बसविले, आणि १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक हे पद मिळविले ते त्याच बादशहाकडून, पेशव्यांच्या नावे. मराठी टांकसाळींतील कितीतरी रुपयांवर मोगल बादशहाचे नाव होते. कंपनी सरकारने दिल्ली १८०३ मध्ये घेतली, पण १८३५ पर्यंत तिचा रुपयाही शाह आलमच्या नावानेच पडत असे. १८५७ मध्ये उठावकऱ्यांनी बादशहा म्हणून पुकारले ते बहादूरशहालाच. म्हणजे आधुनिक युगाच्या उंबरठ्यावर मोगल हे नाव खरोखरच उभे होते. त्याच्या आतली सत्ता मात्र आधी सय्यद बंधूंची, मग मराठ्यांची, मग कंपनीची होती.

सातव्या खेळाच्या रचनेतील मुख्य वैगुण्य येथे उघड होते. खेळात नेता टिकतो आणि नाव बदलते. हिंदुस्थानच्या अठराव्या शतकात नाव टिकले आणि नेते बदलले. छप्पर जुने, घरात बिऱ्हाड नवे, अशी ही स्थिती. आणि तिच्या खाली, गावपातळीवर, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार ह्यांची व्यवस्था ह्या सर्व उलथापालथीत बरीचशी जशीच्या तशी होती. इतिहासात थर चढतात ते असे, निरनिराळ्या गतीने. खेळाला मात्र एकच क्षण लागतो: सर्व जगातील सर्व संस्कृतींचे युग एकाच फेरीला संपते. पट सर्वांना सारखा असावा हा खेळाचा न्याय, आणि काळ कोणालाच सारखा नसतो हे इतिहासाचे सत्य. जुन्या खेळाडूला ह्या दोहोंमधील ओढाताण शब्दांत मांडता आली नसेल; ‘हे खोटे वाटते’ एवढेच त्याने म्हटले. पण खोटे कोठे होते ते त्याने अचूक हेरले.

नेता आणि संस्कृती ह्यांची फारकत केल्याने कधी कधी अनपेक्षित सत्यही हाती लागते, हे मान्य करावे लागेल. २०२५ मध्येच पुढे स्वतंत्रपणे विकलेल्या एका भागात झाशीची राणी लक्ष्मीबाई नेता म्हणून आली. तांबे कुळात काशीत जन्मलेली, बिठूरला दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयात वाढलेली, नेवाळकरांच्या घरी आलेली ही मराठी स्त्री खेळात मोगलांचे नेतृत्व करू शकते. प्रथमदर्शनी हे हास्यास्पद. १८५७ आठवले की तितके हास्यास्पद राहत नाही. मराठ्यांना पटावर नाव न मिळता त्यांच्यातील एका व्यक्तीला आसन मिळावे, ही गोष्ट मात्र मराठी खेळाडू कोणत्या मनाने स्वीकारील हे सांगणे कठीण.

युगांच्या विभागणीचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो अधिक खोल जातो. ह्या खेळात धर्मसंस्थापना व धर्मप्रसार ही शोधयुगाची साधने आहेत; प्राचीन युगात देवतामंडळाची उपासना एवढेच शक्य आहे. म्हणजे मौर्य अशोकाला धर्माची स्थापना करावयाची तर चोळांच्या युगाची वाट पाहिली पाहिजे. ज्याच्या धर्माज्ञांचे तुकडे सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडले, ज्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात धम्माचा संदेश शिळांवर कोरविला आणि दूरदेशी पाठविला, त्याच्या हाती प्राचीन युगात हे साधन नाही. शोधयुगाचे हिशेबही पाहण्याजोगे आहेत. सागरापलीकडच्या ‘दूरदेशां’त वसाहती करणे, तेथील माल खजिन्याच्या ताफ्यांतून मायदेशी आणणे, तेथील जनतेला आपल्या धर्मात घेणे, ह्यांना वारशाचे गुण मिळतात. चोळांनी १०२५ च्या सुमारास श्रीविजयावर आरमार नेले हे खरे. पण खजिन्याचा ताफा ही स्पेनची संस्था होती, आणि ती येथे सर्व मानवजातीचे माप झाली आहे. ह्याच युगातील सांस्कृतिक वारशाच्या मार्गाला ‘तोशाखाना’ असे नाव आहे, ही मौजेची बाब. नाव पूर्वेचे, हिशेब पश्चिमेचा. जुन्या खेळात एकच लांब रस्ता होता आणि त्यावर कोणीही कोणत्याही वेगाने जावे. नव्यात तीन दालने आहेत आणि प्रत्येकाचा दरवाजा युरोपच्या मापाने पाडलेला आहे. इतिहासाच्या अधिक जवळ जाण्याचा प्रयत्न करताना खेळ एका विशिष्ट इतिहासाच्या जवळ गेला.

तरीही समीक्षकाला संस्कृतीबदलाची कल्पना मुळातच त्याज्य वाटण्याचे कारण नाही. तिच्यात मोठी नाट्यशक्ती आहे. आपण उभारलेले आपल्यासमोर ढासळावे आणि त्याच्या अवशेषांवर निराळ्या नावाने पुन्हा आरंभ करावा, ही अनुभूती जुन्या सहा खेळांत कधीच नव्हती. ‘परंपरा’ ह्या नावाने जुन्या संस्कृतीची काही धोरणे नव्या युगात बरोबर नेता येतात. मोगल झालेल्या खेळाडूच्या राज्यात मौर्यांचे एखादे धोरण चालू राहते, आणि तो धागा दिसला की मन भरून येते. उणीव आहे ती प्रयोगाची. पात्राच्या कृतीतून उद्भवलेला नाश शोकात्म होतो. वेळ भरली म्हणून पडलेला पडदा केवळ व्यवस्थेचा भाग असतो. अरिष्टकाळात ज्याने रोगराईशी झुंजून प्रजा वाचविली आणि ज्याने ती मरू दिली, त्या दोघांचेही युग सारखेच संपते, दोघांचीही नगरे बव्हंशी सारखीच कसबे होतात. आपल्या पराक्रमाने किंवा प्रमादाने राज्य गेले असे कोणालाच म्हणता येत नाही. जे हरले नाही ते काढून घेतले गेले, ही भावना त्यामुळे उरते, आणि तिलाच भक्तांनी ‘हिरावणे’ म्हटले.

ह्या गंभीर तक्रारीत अनेक किरकोळ तक्रारी मिसळून गेल्या आणि त्यांनी आवाज वाढविला. पडद्यावरील मांडणी अपुरी होती. कोणत्या इमारतीने किती लाभ होतो, कोणते घर कोणाच्या ताब्यात आहे, ह्याचे उत्तर शोधण्यास खेळाडूला धुंडाळावे लागे. विजयानंतरही राज्य चालू ठेवण्याची, म्हणजे त्या प्रसिद्ध ‘आणखी एका फेरी’ची सोय आरंभी नव्हती, ती नंतर देण्यात आली. आधुनिक युगात ब्रिटन नव्हते. पुढच्याच महिन्यात ते निराळ्या किमतीला विकावयास आले. साम्राज्यांचा खेळ आणि त्यात ब्रिटन नाही, ह्यात व्यापाराचा वास कोणालाही येईल.

व्यापाराचा संबंध प्रथमदर्शनाशीही आहे. मूळ खेळाची किंमत अमेरिकेत सुमारे ७० डॉलर. ज्यांनी सुमारे १०० डॉलर वा त्याहून अधिक मोजले त्यांना तो पाच दिवस आधी, ६ फेब्रुवारीस, खेळावयास मिळाला. म्हणजे जगापुढे प्रथम जी मते गेली ती ह्या मालिकेवर सर्वांत अधिक प्रेम करणाऱ्यांची होती, आणि त्यांनी त्या प्रेमाचे मूल्यही रोख भरलेले होते. ज्या स्टीम नावाच्या पेढीवर हे खेळ विकले जातात तेथे आरंभीची मते संमिश्र, पुष्कळशी प्रतिकूल पडली. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला घरच्या माणसांना बोलवावे आणि त्यांनीच मध्यंतरात उठून जावे, असा हा प्रकार झाला. घरची माणसे अधिक रागावतात, कारण नटाने पूर्वी काय केले होते ते त्यांच्या लक्षात असते.

२०२५ च्या उत्तरार्धात कर्त्यांनी जाहीर केले की, एकच संस्कृती घेऊन तिन्ही युगे खेळता येतील अशा मार्गाची ते चाचणी करीत आहेत. भक्तांनी हा आपला विजय मानला. मौर्य नावाने आगगाडी धावू लागली तर अनेकांना पूर्वीचे सुख परत मिळेल ह्यात संशय नाही. परंतु ज्या खेळाडूने अशोकाचे मौर्य राज्य रोगराईच्या फेऱ्यांत कष्टाने सांभाळले, आणि मग नदीमुखावर चोळांचे पहिले गलबत पाण्यात उतरताना पाहिले, त्याला ह्या दोन वाटांपैकी एक निवडण्याची पाळी येईल तेव्हा तो क्षणभर घुटमळेल. पाटलीपुत्राची जुनी भिंत नकाशावर अद्याप उभी असते. तिचा लाभ आता काही नाही, आणि तीवर नवी इमारत बांधण्यास खेळ परवानगी देतो.